पूजा झालेलं यंत्र

ठोसरसाहेबांबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी खुशाल बोलावं. काळाची पावलं ओळखणारा उद्योजक, मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांना सणसणीत चपराक, असं काय काय त्यांच्याविषयी छापून आलेलं मी वाचलं आहे. त्यातलं काही तर मीच टाइप केलं होतं, कारण ते त्यांनीच मला तोंडी सांगितलं होतं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कारखाना होता. मी तिथे स्टेनो होते आणि त्यांच्या केबिनच्या दाराशी माझं टेबल होतं. एखादा माणूस आपल्याला का आवडत नाही हे धड सांगायचं तर त्याला रोज जवळून बघितलेलं असावं लागतं. मी बघितलेलं आहे.

माणूस दिसायला देखणा, हे आधी कबूल करते. उंच, ताठ, अंगात सफारी सूट आणि खिशात कंगवा. केसांना कलप लावायचे, पण कानशिलापाशी थोडे पांढरे मुद्दाम सोडलेले. बँकेच्या मॅनेजरला थोडं वय दिसलेलं बरं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. बोलणंही समोरच्याच्या मापाचं. घाटकोपरचा लाकडाचा व्यापारी आला की गुजराती, टीव्ही कंपनीचा ऑफिसर आला की इंग्रजी, आणि कारखान्यात शिरले की मोडकीतोडकी मालवणी. मी मूळची कणकवलीकडची. त्यांची ती मालवणी ऐकली की माझ्या दातांना कळ यायची.

त्यांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागे भिंतीवर एक खिळा होता. टेबलाच्या खालच्या खणात फ्रेम केलेले फोटो होते. गणपती, महालक्ष्मी, महावीर, गुरू नानक, येशू, आणि हिमालयाचं एक चित्र, ते नास्तिकांसाठी. सकाळी मला आत बोलावून विचारायचे, "सावंतबाई, आज कोण येणार आहे?" मी नाव सांगायचे आणि त्या माणसाच्या हिशेबाने भिंतीवर देव चढायचा. खिळा तोच. एकदा घाटकोपरचे जैन शेठ आणि गोराईचे एक ख्रिश्चन परचेस ऑफिसर एकाच वेळी दारात उभे राहिले. साहेबांनी एका हाताने मला थांबवलं, दुसऱ्या हाताने महावीर उतरवला आणि त्या खिळ्याला स्वतःचं मनगटी घड्याळ अडकवून ठेवलं. आत आलेल्या दोघांनाही म्हणाले, "वक्त ही भगवान है." दोघेही खूश झाले. ऑर्डर दोघांनीही दिली. ही गोष्ट साहेब पुढे स्वतःच हसत हसत सांगायचे. लोकही हसायचे. मी त्या खणाला रोज हात लावत होते, मला हसू येत नसे.

त्यांची एक आवडती म्हण होती. वारा येईल तशी पाठ द्यावी. नवीन माणूस कामाला लागला की त्याला ही म्हण ऐकवायचीच, वर सांगायचं, "धंद्याचं सगळं शहाणपण यात आलं बघा." म्हण जुनी आहे, खोटी नाही. पण त्यांच्या कारखान्यात वारा आला की पाठ दुसऱ्या कोणाची तरी पुढे केलेली असायची, हे मला हळूहळू कळत गेलं.

कारखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. आधी रेडिओच्या लाकडी पेट्या व्हायच्या. रेडिओ गेले, टीव्ही आले, साहेबांनी टीव्हीच्या पेट्या सुरू केल्या. तेव्हा टीव्ही म्हणजे घरातलं फर्निचर होतं. चार पाय, समोर सरकणारं लाकडी शटर, त्याला कुलूप, वर भरतकामाचा रुमाल. मी लागले तेव्हा शटरच्या त्या पेट्यांनी कारखाना भरलेला असायचा आणि सगळ्या वसाहतीत पॉलिशचा वास सुटायचा. साहेब त्या पेटीवर हात फिरवून गिऱ्हाइकाला म्हणायचे, "लाकूड म्हणजे लाकूड. प्लास्टिक काय, गरिबाचं लाकूड!"

मग दिल्लीत एशियाड झालं आणि रंगीत टीव्ही आले. पुढच्या वर्षा-दोन वर्षांत साहेब एका प्रदर्शनातून परदेशी टीव्हीची एक प्लास्टिकची पेटी घेऊन आले. दुपारच्या चहाच्या वेळी सगळ्यांना अंगणात गोळा केलं, पेटी स्टुलावर ठेवली आणि बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केलं.

"ऐका. काय ऐकू येतं?"

मग स्वतःच म्हणाले,

"हा उद्याचा आवाज आहे. लाकूड मेलं."

समोर उभे होते ते सगळे सुतार आणि पॉलिशवाले. हातात चहाचे ग्लास तसेच. एक जण धीर करून म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणत होता ना, प्लास्टिक गरिबाचं लाकूड म्हणून?"

"मी? मी असं कधी म्हटलंच नाही."

खोटं बोलत होते असंही नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. त्यांना खरोखरच आठवत नसे. कालचं मत ते जुन्या चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवायचे आणि घरात आले की चप्पल कधी होती हेही विसरायचे. महिन्याभरात दारावरची पाटी बदलली. ठोसर वुड इंडस्ट्रीजचं ठोसर प्लास्ट झालं.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रांची पूजा असायची. कारखान्यांतून सगळीकडेच असते. यंत्रं बंद, पुसून लख्ख केलेली, हळदकुंकू, झेंडूचे हार, नारळ, पेढे. पण ठोसरांच्या घराण्याचा एक वेगळा नियम होता. तो त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला. ज्या यंत्राची पूजा झाली ते पुढच्या दसऱ्यापर्यंत विकायचं नाही. बाकी कशाला न घाबरणारे साहेब या नियमाला मात्र घाबरायचे. म्हणून त्यांनी वाट काढली होती. हार ते स्वतः अंधेरी स्टेशनबाहेरच्या बाजारातून आणायचे, आणि जे यंत्र काढून टाकायचं असेल त्याच्यासाठी हार आणायचेच नाहीत. पूजेच्या वेळी टोपली रिकामी झाली की म्हणायचे, "अरेच्चा, हार कमी पडले वाटतं." माझ्या पहिल्याच वर्षी रेडिओच्या काळातलं फळ्या दाबायचं एक जुनं प्रेस तसंच बोडकं राहिलं. दिवाळीच्या आत ते टेम्पोत चढलं आणि त्याच्यावरची माणसंही घरी गेली. त्यानंतर खंडेनवमीला पेढ्यांकडे कोणाचं लक्ष नसायचं. सगळे टोपलीकडे बघायचे.

लाकूडखात्याचा मुख्य होता बाबल मेस्त्री. कुडाळचा. राहायला साकीनाक्याला, एका खोलीत. त्याला मी साधुसंत करून सांगणार नाही. भांडखोर होता, पानाच्या पिचकाऱ्या मारायचा, जेवण झालं की भुशाच्या ढिगावर पंचा टाकून घोरायचा. माझं आणि त्याचं पंख्यावरून एकदा कडाक्याचं भांडणही झालेलं. पण गिरण्यांच्या संपात त्याचे दोन्ही भाऊ घरी बसले होते आणि त्या एका खोलीत सगळ्यांची चूल त्याच्या एकट्याच्या कामावर पेटत होती. लाकूड रंधायचं मोठं मशीन गेलं की मेस्त्री जाणार, हे कारखान्यात प्रत्येकाला माहीत होतं. मेस्त्रीलाही माहीत होतं.

प्लास्टिकची पेटी आली त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी सकाळी पोचले तर लाकूडखातं सगळं केशरी झालेलं. रंधा मशीनला हार, करवतीला हार, पॉलिशच्या डब्यांनासुद्धा हार. मेस्त्री पांढरा शर्ट घालून, केसांना तेल चोपडून उभा.

"मेस्त्री, हे काय?"

"काय नाय गो, सावंतबाय. सायबांचे हार दरवर्सा कमी पडतत ना? म्हणान आमीच वर्गणी काढून हाडले." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "एकदा पूजा झाली काय वर्सभर कोण हात लावता ता बगूया."

मला इतका आनंद झाला की पंख्याचं भांडण मी तिथल्या तिथे माफ केलं.

साहेब आले. हातात टोपली, मागे प्यून गणपत नारळ घेऊन. लाकूडखात्याच्या दारात थांबले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांच्या डाव्या गालाची एक शीर हलली, एवढंच. मग त्यांनी टोपली खाली ठेवली, चपला काढल्या, रंधा मशीनला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पहिला पेढा मेस्त्रीच्या तोंडात घातला.

"मेस्त्री, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून परंपरा टिकून आहे!"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. बावळटासारख्या.

दिवाळी झाली आणि लाकडाचा ट्रक आला नाही. आठवड्याने मेस्त्री विचारायला गेला. साहेब म्हणाले, "येईल की. ऑर्डर तर येऊ दे." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तोपर्यंत पलीकडे पत्र्याची भिंत घालून प्लास्टिकचं मोल्डिंग मशीन बसलं होतं आणि तिथे दिवसरात्र काम चालू होतं. एका दुपारी साहेब फोनवर कोणा मित्राशी बोलत होते. दार उघडं होतं.

"छे छे, विकलं नाही. वडिलांचा शब्द आहे, मोडणार कसा? मशीन विकायचं नाही असं सांगितलंय. त्याला काम द्यायचं असं कुठे सांगितलंय?"

आणि हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

माणसांना काढायचं तर भरपाई द्यावी लागते, लेबर ऑफिसात खेटे घालावे लागतात. माणसं आपणहून गेली तर काहीच नाही. साहेबांनी पगार एका दिवसानेही लांबवला नाही. फक्त काम दिलं नाही. सुरुवातीला लाकूडखात्यातल्या लोकांना मजा वाटली. पत्ते खेळले, गाणी म्हटली, मेस्त्री दिवसाढवळ्या घोरला. मग पत्त्यांवरून भांडणं झाली. मग पलीकडची मोल्डिंगवाली पोरं पत्र्याच्या फटीतून डोकावून हसायला लागली. पुढे पुढे ही माणसं एकमेकांशी बोलेनाशीच झाली. नुसती येऊन बसायची. दिवसभर रिकामं बसून पगार घेणं म्हणजे काय असतं ते मी त्या माणसांच्या मानांवरून बघितलं. त्या खाली जायला लागल्या होत्या.

रोज अकराला साहेब फेरी मारायचे. मशीनवरचा हार वाळून तपकिरी झालेला, त्याच्याखाली स्टुलावर मेस्त्री. साहेब विचारायचे, "काय मेस्त्री, मजेत ना?"

एकदा मेस्त्री केबिनमध्ये आला. त्याच्या तोंडात पान नव्हतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणाला, "साहेब, माका त्या प्लास्टिकच्या मशीनवर घेवा. मी शिकान."

साहेबांनी चष्मा काढला. "या वयात कशाला त्रास घेता, मेस्त्री? आराम करा."

वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणणारा हाच माणूस. समोरचा पाठ फिरवायला तयार होता, शिकतो म्हणत होता, त्याला मात्र शिकू द्यायचं नाही. बदलण्याचा मक्ता जणू एकट्या ठोसरांकडे. त्या दिवशी माझ्या मनातून ते कायमचे उतरले, आणि मला कोणी दुसरी बाजू समजावून सांगू नये. मी ती सगळी ऐकलेली आहे. ते म्हणतात कारखाना बंद पडला असता तर सगळेच रस्त्यावर आले असते. खरं असेल. पण कारखाना वाचवायला फेरीच्या वेळी "मजेत ना" विचारावं लागत नाही.

एक एक करून सगळे गेले. मेस्त्री शेवटी, गणपतीला गावी जायच्या आधी. साहेबांनी त्याचा निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ आणि हार. हार गळ्यात पडताच मेस्त्रीने तो काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हार घेवन काय करू, साहेब? माका लाकूड होया हुता."

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मेस्त्री मोठा विनोदी आहे." कोणी हसलं नाही. त्या वर्षीच्या खंडेनवमीला टोपलीत रंधा मशीनचा हार नव्हता आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन भंगारात गेलं. नियम पाळला गेला. चारकोपला नवी घरं बांधली जात होती, तिथे मेस्त्री दारांच्या चौकटी बसवतो असं पुढे कानावर आलं. मला बरं वाटलं. निदान हातात लाकूड होतं.

प्लास्टिकने साहेबांना भरभरून दिलं. पार्ल्यात बंगला झाला, सत्कार झाले, भाषणं झाली. मग त्यांचा मुलगा अजित अमेरिकेतून शिकून आला. बारीक आवाजात बोलायचा, कधी चिडायचा नाही. त्याने येताच सांगितलं की मुंबईत कारखाना चालवणं परवडत नाही, सगळं वापीला हलवायचं, मरोळला फक्त ऑफिस ठेवायचं, आणि पेट्यांऐवजी व्हिडिओ कॅसेटचं प्लास्टिक करायचं.

आणि मग मी एक नवल बघितलं. साहेब म्हणाले, "थांबू या जरा."

त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मोल्डिंग मशीन त्यांनी स्वतः जाऊन पसंत केलेलं, स्वतः बसवलेलं. त्याच्यापाशी उभे राहून म्हणाले, "अरे, ही पेटी म्हणजे आपलं नाव आहे. इतकी वर्षं..."

अजित हसला. "बाबा, वारा येईल तशी पाठ द्यावी."

त्या वर्षी खंडेनवमीचे हार अजितने आणले. अंधेरीच्या बाजारातले नाही, मोठे, मोगरा घातलेले. मोल्डिंग मशीनला हार नव्हता. सगळ्यांच्या ते लक्षात आलं, साहेबांच्याही. मग अजितने टोपलीतला सगळ्यात जाड हार काढला, वडिलांच्या गळ्यात घातला, वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांना सांगितलं, "आजपासून बाबा आपले चेअरमन. रोजच्या कटकटीतून आम्ही त्यांना मोकळं करतोय." टाळ्या झाल्या. साहेबांच्या डाव्या गालाची शीर हलली. ती शीर मी ओळखत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मला आनंद झाला. झाला तो झाला, आता लपवून काय करायचंय?

दसऱ्यानंतर केबिन तीच राहिली. खुर्ची तीच, घंटी तीच, पगारही तोच असणार. फायली मात्र अजितच्या खोलीत जायला लागल्या. फोन तिकडे वळले. माझं टेबलही तिकडे हललं, नव्या कॉम्प्युटरशेजारी. साहेब सकाळी दहाला यायचे, सफारी कडक इस्त्रीची. घंटी वाजवायचे, गणपत पाणी ठेवून यायचा. दिवसाकाठी तेवढंच. अकराला अजित दारातून डोकावायचा आणि बारीक आवाजात विचारायचा, "बाबा, मजेत ना?" तो कुठून शिकला असेल? त्या वेळी तर तो इथे नव्हताही.

मी नोकरी सोडली त्या आठवड्यात शेवटचं भेटायला म्हणून केबिनमध्ये गेले. दिवाळी होऊन गेली होती. साहेबांनी खालचा खण उघडून सगळे फोटो टेबलावर मांडले होते. गणपती, महालक्ष्मी, महावीर, नानक, येशू, हिमालय. भिंतीवर नुसता खिळा.

"या, सावंतबाई. बरं झालं आलात. आज कोण येणार आहे?"

"कोणी नाही, साहेब."

"आणि उद्या?"

ते फोटोंकडे बघत राहिले, मग एकेक करून खणात ठेवायला लागले. माझी नजर खुर्चीकडे गेली. खंडेनवमीचा तो जाड हार खुर्चीच्या पाठीला अडकवलेला होता. मोगरा केव्हाच काळा पडला होता, झेंडू तपकिरी. खाली पाकळ्यांचा चुरा सांडलेला.

"गणपतला सांगते, काढून टाकेल तो," मी म्हणाले.

ते एकदम ताठ झाले आणि त्यांनी मागे हात नेऊन तो हार धरला.

"असू दे. पूजा झालेली आहे. वर्षभर कोणी हात लावू शकत नाही."

मला कीव आली नाही. मी "बरं, साहेब" म्हटलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.